चावी दिल्यानंतर

१

काकांच्या कारखान्यात रोज सकाळी एका घड्याळाला चावी द्यायची आणि दिल्यावर मोठ्याने सांगायचं की चावी दिली. कारखाना हा शब्द काकांचा. खरं तर दोरखंड आणि रंगाचे डबे विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधे अंधारा बोळ. आतल्या खोलीत काका जहाजावरची घड्याळं दुरुस्त करायचे. बंदरावर त्यांना सगळे 'अर्धसेकंद' म्हणत, कारण ही घड्याळं अर्ध्या सेकंदाला एकदा टिकटिकतात आणि काकांना त्याहून मोठ्या कुठल्याच गोष्टीत रस नव्हता.

ही घड्याळं भिंतीवर लावायची नसतात. लाकडी पेटीत पितळी कड्यांवर तोललेली असतात. पेटी कशीही कलली तरी तबकडी आभाळाकडेच बघते. टोले नाहीत, गजर नाही. काम एकच. मागे सोडलेल्या बंदराची वेळ भर समुद्रात सांभाळायची. इथे सूर्य माथ्यावर आला तेव्हा तिथे किती वाजले होते, या फरकावरून जहाज किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आलंय ते कळतं. घड्याळ जरा चुकलं की जहाज मैलोगणती चुकतं. आणि घड्याळ चुकलं तरी काटे हलवायचे नाहीत. रोज किती चुकतं ते शोधायचं आणि तेवढं हिशोबात धरायचं. रोज सारखंच चुकणारं घड्याळ चांगलं, असं काका म्हणायचे. मग आपलं घराणं फारच चांगलं, असं मी म्हणायचे.

काकू गेल्यापासून काकांचे हात थरथरायला लागले होते, आणि थरथरत्या हाताने चावी फिरवली तर आतली साखळी तुटते. माझं कॉलेज संपलं होतं, नोकरी लागली नव्हती. आईने मला इथे धाडलं, मला कोणी विचारलं नाही.

घड्याळ अलगद पालथं करायचं, पाठीवरची झडप सरकवायची, चावी घालून अडेपर्यंत फिरवायची आणि पुन्हा उताणं करायचं. मग दाराकडे तोंड करून म्हणायचं, "चावी दिली." बोळातल्या खुर्चीतून उत्तर येणार, "ऐकलं." ते आल्याशिवाय खोली सोडायची नाही. जहाजावर असंच असतं म्हणे. एकाचा विसर दुसऱ्याला कळावा म्हणून. जहाजावर ठीक आहे. इथे दोन माणसं आणि एक बोळ. कवायत कुणासाठी, असं मी विचारलं तेव्हा काकांनी उत्तर दिलं नाही. मोठ्या माणसांची ही एक सोय असते.

तरी मी म्हणायचे. काकांचा जाडसर आवाज यायचा, "ऐकलं." मी बाहेर यायचे. काका मान हलवायचे आणि मी चहा टाकायचे.

२

मग मला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, लगेच हजर व्हा म्हणाले. बाकावर तेव्हा खलाशी मुलांना शिकवणाऱ्या एका जहाजाचं घड्याळ होतं. कप्तान ते न्यायला यायचा होता आणि काकांच्या हातचं ते शेवटचंच काम असणार, हे सगळ्यांना कळत होतं. काका म्हणाले, जहाज सुटेपर्यंत थांब, ठिणगे. लहानपणापासून ते मला ठिणगीच म्हणत. आई फोनवर म्हणाली की त्यांनी तुला खांद्यावर घेऊन मिरवलंय. मी म्हटलं, मग आता त्या खांद्यावरून खाली उतरू द्या.

उतरू दिलं नाही. मी थांबले, आणि एका सकाळी त्या लोकांनी कळवलं की त्यांनी दुसरी मुलगी घेतली.

मी फोन खिशात टाकला, आत गेले, चावी दिली. घड्याळ उताणं केलं.

"चावी दिली," मी म्हटलं. आणि मग तशीच, आवाज न चढवता, दाराकडे बघत म्हणाले, "आता हा म्हातारा एकदाचा सुटू दे, म्हणजे मीही सुटेन."

रोज उत्तर लगेच यायचं. त्या दिवशी आलं नाही. बाकावरचं घड्याळ आपलं टिकटिकत राहिलं. खालच्या दुकानात कोणीतरी डबा ओढत होतं.

"ऐकलं."

बोळातून नाही. दाराच्या अलीकडून, खोलीतून. आवाज काकांचाच. राग नव्हता त्यात. एखादी बारीक वस्तू जपून खिशात टाकावी, तसा तो शब्द आला.

माझी कानशिलं तापली. मी भांडखोर आहे, हे मला मान्य आहे, पण तोंडावर भांडते. पाठीमागे बोलणारी माणसं मला घाणेरडी वाटतात, आणि हे मी चारचौघांत सांगतही असते. मी बाहेर आले तेव्हा काका खुर्चीत बसले होते. रोजच्यासारखी मान हलवली. चहा टाकतेस का, म्हणाले. दारापासून खुर्चीत परत जायला त्यांना वेळ कसा मिळाला, असा विचार मनात आला. पण शरमेला असले हिशोब सुचत नाहीत, तिला फक्त खाली बघायचं असतं. मी चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली. त्यांनी तो निमूट प्यायला.

३

त्यानंतर मी काकांशी गोड वागायला लागले. किती ओशाळवाणं दिसत असेल ते. त्यांचा शर्ट वाळत घातला, बोळातला दिवा बदलला. त्यांनी काही बोलावं, रागवावं, म्हणजे मला भांडता तरी येईल, अशी वाट बघत होते. 

एका सकाळी ते आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. रेडिओवर वेळेचे ठोके येतात. ते कानाने ऐकायचे, डोळ्यांनी सेकंदकाटा बघायचा, आणि घड्याळाची त्या दिवसाची चूक काढायची. काका ठोके ऐकताना डोळे अर्धवट मिटून बोटाने टेबलावर ताल धरायचे. तसाच धरला होता. मान डोलत होती. मग थांबले आणि त्या दिवसाचा आकडा पुटपुटले.

रेडिओचं बटण मला दिसलं. मग वायर दिसली. तिचं टोक जमिनीवर पडलं होतं. रात्री मीच ते काढून तिथे माझा फोन लावला होता.

खोलीत कसलेही ठोके आले नव्हते.

मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. मग बाकावरची पक्कड उचलून फरशीवर टाकली. ती एवढ्या जोरात आपटली की खालून दोरवाला ओरडला. काका वळले नाहीत.

मी वायर हातात घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वायरीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. कपडे बदलताना कोणी दार उघडावं तसा त्यांचा चेहरा झाला. मी नजर वळवली, पण वळवून उपयोग नव्हता. मी सगळं पाहिलं होतं.

काकू होती तेव्हाच कान गेले, असं त्यांनी सांगितलं. समोरून बोललं की ओठ वाचता येतात. पाठमोरं, किंवा दुसऱ्या खोलीतून, काही नाही. घड्याळ जुनं ओळखीचं, रोज तेवढंच चुकतं, म्हणून आकडा ठाऊकच होता. आईला कळवू नकोस, म्हणाले.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. छातीवरचा दगड उतरला. काकांनी ते ऐकलं नव्हतं, ऐकणं शक्यच नव्हतं. मी जवळजवळ हसले. आणि हसता हसता विचारलं, ओठ नीट हलवून.

"मग रोज 'ऐकलं' कोण म्हणतं?"

काकांनी मला वेडी आहेस का अशा नजरेने पाहिलं. "म्हणायला आधी मला ऐकू यायला नको का? तू बाहेर आलीस की समजतो, दिली. मला वाटलं, नियम म्हणून तूच आतून दोन्ही म्हणून टाकत असशील."

४

मी शिकलेली मुलगी आहे. भिंती आवाज परत फेकतात, हे मला माहीत आहे. पण भिंत 'चावी दिली' ऐकून 'ऐकलं' परत फेकत नाही. खालून आवाज वर येत असेल म्हणून मी दोरवाल्याकडे गेले आणि आडून आडून विचारलं, सकाळी तुम्ही ऐकलं-बिकलं असं काही ओरडता का. त्याने सुंभाचं वेटोळं खाली ठेवलं. तो म्हणाला, "तुझ्या काकाचं ऐकायला बंदर आहे, माझं ऐकायला बायकोसुद्धा नाही." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं की अर्धसेकंदाकडे राहून तुझेही काटे सरकले का.

मला वाटलं, मनाचा खेळ असेल. रोज एका क्षणाला एक शब्द ऐकायची सवय झाली की कान तो स्वतःच पुरवत असतील. काकांच्या बोटाने नसलेले ठोके धरलेच होते की. हे पटण्यासारखं होतं. दिवसभर मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना केस कापायला पाठवलं. ते रस्ता ओलांडून गेले, न्हाव्याच्या दुकानाचं काचेचं दार त्यांच्यामागे बंद झालं, ते खिडकीतून पाहिलं. मग आत जाऊन चावी दिली.

आणि काहीच बोलले नाही.

कोणी उत्तर दिलं नाही. मी उभी राहिले. खोलीत ऊन आलं होतं, बाकावर तेलाची कुपी, भिंग, चिमटे, सगळं जिथल्या तिथे. पण जिन्यात आपल्यामागे कोणी थांबलं की न बघता कळतं, तसं मला कळलं की दाराशी कोणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघतंय. ते वाट बघायला कंटाळणारं नव्हतं.

मी आवाज काढला नाही. घशातून श्वाससुद्धा जाऊ दिला नाही. फक्त ओठ हलवले. चावी दिली.

"ऐकलं."

५

त्यानंतर मी तोंड घट्ट मिटून चावी द्यायला लागले. बंद करता येत नव्हतं. एकदा घड्याळ थांबलं की त्याची रोजची चूक पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते, आणि काकांच्या शेवटच्या कामाला बट्टा लागला असता. रेडिओचे ठोके आता मी ऐकत होते. काका समोर बसायचे, मनगट पुढे करायचे, आणि मी प्रत्येक ठोक्याला त्यांच्या मनगटावर बोट टेकवायचे. घड्याळ खरंच रोज तेवढंच चुकत होतं. काका खूश व्हायचे. त्या मनगटाला हात लावताना मला माझा हात धुवावासा वाटायचा.

उत्तर येणं बंद झालं होतं. पण काका बदलत होते.

आधी त्यांनी न्हाणीघरातल्या फळीवरून आपलं सामान उचललं आणि एका डब्यात भरलं. तुला जागा लागते, म्हणाले. मग खिडकीजवळची खाट मला दिली. मग स्वतःचा चहा स्वतः करायला लागले, आणि कप असा धुवून पुसून ठेवायचे की तो वापरला होता हे कळू नये. हाक मारणं बंद झालं, ठिणगी म्हणणं बंद झालं. एक दिवस मी खाटेवर पडले होते आणि ते बोळातून गेले. चवड्यांवर चालत होते. ज्याला स्वतःच्या पावलांचा आवाज येत नाही तो माणूस, माझी झोपमोड नको म्हणून, चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत होता.

मला काय शंका आली ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. त्यांच्या कानात काही जाऊच शकत नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिले.

मग एकदा चावी देऊन घड्याळ उताणं करताना तबकडीवरच्या काचेत माझ्यामागचं दार दिसलं. काच जरा बाहेर आलेली असते, त्यामुळे बोळ, खुर्ची, काका, सगळं बारीक आणि वाकलेलं. काका एकटे नव्हते. त्यांच्या कानाशी कोणीतरी वाकलं होतं. मला पाठ दिसली आणि कानाभोवती धरलेला हात दिसला. बाही कोपरापर्यंत सारलेली. मी तशीच सारते.

काका ऐकत होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला. चेहऱ्यावर आधी नुसता आनंद होता. किती वर्षांनी काहीतरी ऐकू येण्याचा. मग तो आनंद तिथून निघून गेला. रागाने नाही, हळूहळू, दिवा मंद करावा तसा. शेवटी त्यांनी मान हलवली. कबूल असल्यासारखी.

मी वळले. बोळात काका एकटे होते. त्यांनी डोळे उघडले, मी बघतेय असं दिसल्यावर घाईने हसले, आणि उठून खुर्ची भिंतीला सरकवली, माझ्या वाटेत येऊ नये म्हणून.

६

सांगणं अवघड नव्हतं. समोर उभं राहायचं, ओठ नीट हलवायचे. काका, मी रागात बोलले. एवढंच. मी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, शाळेत मास्तरांकडे बघावं तसं लक्ष देऊन. मी एकदा विचारलं, पाऊस येईल का. दुसऱ्यांदा, मीठ संपलंय का.

कॉलेजात मी भर सभेत प्राचार्यांना खोटारडे म्हटलं होतं. लोक अजून आठवण काढतात.

७

कप्तान आला तो जिना दणाणत आला. मोठा गडगडाटी माणूस. आमची पोरं पडद्यावर बोट ठेवून जहाज हाकतात, तारे दाखवले तर विचारतात हे बंद कसे करायचे, असं सांगून स्वतःच हसला. मग पेटी उघडून सेकंदकाट्याकडे बघायला लागला. रोजची चूक किती, असं त्याने विचारलं. मी सांगितली.

"हिने ऐकून काढलीय," काका म्हणाले. "माझे कान गेलेत."

आईपासूनही लपवलेली गोष्ट त्यांनी परक्या माणसासमोर अशी ठेवली, मला श्रेय मिळावं म्हणून. मला फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

जहाजावर चावी कोण देणार यावर कप्तान काहीतरी बोलत होता, तेव्हा काका म्हणाले की पुढच्या बंदरापर्यंत मी येतो. मुलांना शिकवीन, हात धरून चावी द्यायला लावीन. कप्तान आधी हसला. मग त्याला दाराजवळची पिशवी दिसली, भरलेली, नीट बांधलेली. मलाही ती तेव्हाच दिसली. पुढच्या बंदरात उतरून कुठे जाणार, हे त्याने विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. एक पलंग रिकामा आहे, एवढंच कप्तान म्हणाला. पेटी छातीशी धरून तो जिना उतरायला लागला.

काका माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हातारा सुटला की तूही सुटशील," ते म्हणाले. "खरंच आहे ते. वाईट वाटून घेऊ नकोस."

माझंच वाक्य. त्यात कुठे टोमणा होता का, ते मी शोधलं. नव्हता.

मी त्यांचा हात धरला. आता ओठ हलले माझे, भराभर, सगळं एकदम आलं, काका ते तसं नव्हतं, मी त्या दिवशी, ती नोकरी, काका, माझ्याकडे बघा. आणि काकांनी डोळे मिटले. ओठ वाचणाऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याला कोणीही काहीही सांगू शकत नाही. ते तसेच, डोळे मिटून, मंद हसत उभे राहिले, मी थांबेपर्यंत. मग पिशवी उचलून कठडा धरत खाली गेले.

८

आई रोज फोन करते. जहाज अजून पोचलेलं नाही. वारा पडलाय, शिडांचं जहाज आहे, उशीर होतो, असं बंदरावर सांगतात. काका ठीक असतील ना, असं ती विचारते. मी असतील म्हणते.

कारखान्यात आता एकही घड्याळ चालू नाही. तरी रोज सकाळी ती वेळ झाली की मी बोळातल्या खुर्चीत येऊन बसते. येऊन बसते म्हणजे बसलेली असते. खालच्या दुकानाचा आवाज हळूहळू कमी होतो. मग माझा श्वास समोर कशाला तरी लागून अडतो, तोंडापासून इतक्या जवळ की मला डोकं मागे भिंतीला टेकवावं लागतं. दिसत काही नाही. काल एकदा ओठांना कानाच्या पाळीची थंड कड लागली.

त्याला ऐकायचंय. काका कुठेतरी पाण्यावर आहेत आणि मी इथे जे म्हणेन ते त्यांच्यापर्यंत जाईल, एवढं मला कळतं. म्हणून मी चांगलं काहीतरी शोधते. परत या, एवढं तरी. शोधते, पण तोपर्यंत दुसरंच काहीतरी जिभेवर येऊन बसलेलं असतं, आधीच जुळवलेलं, आवाजसुद्धा न चढवता म्हणता येईल असं.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरते. समोरचं ते जात नाही. माझे हात भरून येतात आणि कापायला लागतात.